सुखरूप

बाळंतपण झाले की पहिला निरोप ठरलेला असतो. बाळ-बाळंतीण सुखरूप. पूर्वी तो सांगाव्याने जाई, मग तारेने गेला, आता फोनवरून जातो. शब्द बदलले नाहीत. तासाभरात तो माहेरी, सासरी, भावकीत पोचतो. चाळिसाव्या दिवशी तो कोणी पुन्हा पाठवत नाही. सुखरूपता एकदाच कळवायची असते, असे सगळे धरून चालतात.

मराठवाड्यात प्रसूत झालेल्या बाईला 'मोकळी झाली' म्हणतात. त्या शब्दांत घरच्यांचा सुटलेला श्वास आहे. पण मोकळे होणे वेगळे आणि रिकामे होणे वेगळे. हा फरक बाहेरून दिसत नाही. जिला तो आतून जाणवतो तिच्याजवळ त्यासाठी शब्द नसतो. मग ती इतकेच म्हणते, कशात जीव लागंना.

भाषेने गरोदर बाईच्या इच्छेला नाव दिले. डोहाळे. ते पुरवणे हे घराचे कर्तव्य ठरवले. त्यासाठी हिरवी साडी, फुलांचे दागिने आणि जेवण नेमले. बाळंतपणानंतर तिला काय हवे असते, त्याला मात्र नाव नाही. नाव नसलेली गोष्ट मागता येत नाही. आणि न मागितलेली गोष्ट हवी होती, हे पुढे कुणाला पटत नाही.

बाळंतिणीची खोली. दार लोटलेले. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि वावडिंग. तिच्या डोक्याला रुमाल, कानांत कापूस. उशाशी डिंकाच्या लाडवांचा डबा, कोनाड्यात बाळंतशेपा. यातल्या प्रत्येक वस्तूमागे कुठल्या तरी आजीची काळजी आहे. हाडे भरून यावीत, कंबर धरू नये, दूध उतरावे, वारे लागू नये. शरीराच्या एकेका सांध्याचा विचार झालेला आहे. लोटलेल्या दारातून वारे येत नाही. बोलणेही येत नाही.

रूढीला जेवढे दुखणे दिसले तेवढे तिने जपले. जे दिसले नाही ते तिच्या हातून निसटले. माणसांचेही असेच असते. माया कमी पडत नाही, नजर कमी पडते.

सव्वा महिन्याची ही बाज सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पावसाळा सरला की धाराशिव जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल दोघांच्या अंगावर असते आणि खाड्याचे पैसे कापले जातात. फडाशेजारच्या कोपीत बाळंत झालेली बाई थोड्याच दिवसांत मोळ्या बांधताना दिसते. बाळंतिणीच्या विश्रांतीला सगळे रूढी म्हणतात. पुष्कळ घरांत ती ऐपत असते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्याहून अधिक बायकांना कारणाशिवाय रडू येते. नऊ महिने चढत गेलेली संप्रेरके दोन-तीन दिवसांत एकदम उतरतात. झोप मोडलेली असते. अंग ठणकत असते. हे रडू बहुधा दोन आठवड्यांच्या आत ओसरते. ते आजारपण नव्हे. पण काहींचे ओसरत नाही. उदासी बसून राहते. भूक जाते, लेकराकडे बघू वाटत नाही, आपल्याविना घर सुखी होईल असे वाटू लागते. हा आजार आहे. त्याला प्रसूतीनंतरचे नैराश्य म्हणतात. जे ओसरते त्याला सोबत पुरते. जे ओसरत नाही त्याला उपचार लागतो. दोन्हींना एकच उपदेश केला जातो, आणि तो दोन्हींना लागू पडत नाही.

गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० मातांची पाहणी केली. ती २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायका नैराश्यात होत्या. भारतातल्या ३८ अभ्यासांतल्या वीस हजारांहून अधिक मातांची आकडेवारी २०१७ साली एकत्र मांडली गेली. तिथेही आकडा २२ टक्क्यांचाच निघाला. बारशाला पाळण्याभोवती वीस बायका जमतात. या हिशेबाने त्यांतल्या चौघी कधी ना कधी या वाटेने गेलेल्या असू शकतात. चौघीही पाळणा म्हणतात. एकीला दुसरीचे ठाऊक नसते. दुःख किती जणांचे आहे यावरून त्याचा एकटेपणा ठरत नाही. ते बोलले जाते की नाही, यावरून ठरतो.

गोव्यातल्या त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली. नैराश्य आलेल्या दर दहा बायकांपैकी जवळपास आठ जणींचे मन गरोदरपणातच ढासळलेले होते. म्हणजे डोहाळजेवणाच्या फोटोत ती उदासी हजर होती. हिरव्या साडीत, फुलांच्या मुकुटाखाली बसलेली होती. फोटो काढणाऱ्याने हसायला सांगितले आणि ती हसली. समारंभ माणसाला चेहरा देतो. त्यामागे काय चालले आहे, हे विचारायला समारंभात सवड नसते.

आणि कारणे नेहमी शरीरातलीच नसतात. गोव्यातल्या त्या बायकांच्या मागे गरिबी होती, नवऱ्याशी बिनसलेले होते, मारहाण होती. मुलगी झाली असेल तर या सगळ्याचा भार आणखी वाढत होता. धाराशिवला हे परके वाटायचे कारण नाही. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे नऊशेहूनही कमी मुली होत्या. पेढे की बर्फी, हे दाराबाहेर विचारलेले आत बाजेवर ऐकू येते. उत्तर देणाऱ्याचा आवाज किती उतरला, तेही ऐकू येते. ज्या घरात बाळाच्या जन्माची खंत आहे, त्या घरात आईच्या खंतीला औषध देऊन भागत नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे या भागाची जमीन हलली. उमरगा-लोहाऱ्याकडची गावे मातीत गेली. त्यानंतर देशभरातून माणसे आली. त्यांनी ढिगारे उपसले, भाकरी वाटल्या, ती रडणाऱ्यांजवळ बसली. ते दुःख दिसत होते. बाळंतिणीच्या दुःखाला ढिगारा नसतो. उलट घरात पाळणा असतो, आहेर असतो, पाहुण्यांची ये-जा असते. कारण दिसणाऱ्या दुःखाला माणसे भेटायला येतात. कारण न दिसणाऱ्या दुःखाला सल्ला मिळतो.

सल्ला ठरलेला असतो. बाळाकडे बघ, सगळे विसरशील. पण बाळाकडे बघूनच तर तिला भीती वाटत असते. दूध पाजताना आपल्याला काहीच वाटत नाही, हे तिला कळते. आई होऊनही काही वाटत नाही, म्हणजे आपल्यातच खोट आहे, असे ती ठरवून टाकते. खोट तिच्यात नसते. माया आटलेली नसते. त्या मायेपर्यंत जायची वाट आजाराने अडवलेली असते. ताप आलेल्या माणसाला अन्न कडू लागते, म्हणून कोणी त्याला कृतघ्न म्हणत नाही.

आणखी एक वाक्य घराघरांत ऐकू येते. आम्हाला काय लेकरं झाली नव्हती का? ते कानाला कठोर लागते. पण ते नीट ऐकले पाहिजे. म्हणणारी बाई चाळीस वर्षांपूर्वी कुठल्या तरी बाजेवर अशीच रडली असण्याचा संभव आहे. तेव्हा तिला कुणी विचारले नव्हते. दहाव्या दिवशी ती चुलीपुढे बसली आणि दिवसांनी दुःख झाकले. न विचारल्या गेलेल्या माणसाला विचारणे जमत नाही. सासूला आधी कुणीतरी तिच्या बाळंतपणाविषयी विचारले, तर ती सुनेला विचारू लागते. कठोरपणाच्या मुळाशी पुष्कळदा जुना, तसाच राहून गेलेला हुंदका सापडतो.

आईपणाला फार उंच जागा दिलेली आहे. तिथे पूजा होते. तिथे बसायला मात्र पाट नाही. जिला देवी म्हटले जाते, तिला दमण्याची मुभा राहत नाही.

आणि तरीही देवीच्या बाबतीत हा जिल्हा वेगळे वागतो. तुळजापूरच्या भवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून हलवून शेजघरातल्या पलंगावर निजवली जाते. नवरात्राआधीची घोरनिद्रा. पौषातली मोहनिद्रा. आणि दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंतची श्रमनिद्रा. नऊ दिवसांच्या युद्धाने आई शिणली, आता तिला झोपू द्यावे, असे भाविक मानतात. नवस बोलायला आलेला माणूसही ते समजून घेतो. देवी निजली म्हणून कुणाची श्रद्धा ढळत नाही.

श्रमनिद्रा हा मोठा शब्द आहे. ज्या मातीने तो घडवला, तिला थकव्याची जाण नाही असे म्हणता येणार नाही. ती जाण गाभाऱ्यातून निघून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचायची राहिली आहे. अंतर फार नाही.

कारण झोप हे इथे औषधच आहे. नव्या आईची रात्र दर दोन-तीन तासांनी मोडते. मोडलेली झोप मनालाही मोडते. आणि आजाराची एक खूण याच्याही पुढची आहे. लेकरू शांत निजले, घर निजले, कुणी तिच्याकडून काही मागत नाही, तरी डोळ्याला डोळा लागत नाही. दमलेले माणूस झोपते. आजारी माणसाला झोपेची वाट सापडत नाही. या दोहोंतला फरक घरातल्या कुणीतरी ओळखायला हवा. ती स्वतः ओळखण्याच्या स्थितीत नसते.

ओळखता येत नाही असे नाही. व्यालेली शेळी चाऱ्याला तोंड लावेना, की मालकाच्या ते त्याच संध्याकाळी ध्यानात येते. तो तिच्या कानाला हात लावून पाहतो, पिलू बाजूला घेतो, डॉक्टरला फोन करतो. उस्मानाबादी शेळी या जिल्ह्याचे धन आहे आणि धनाकडे लक्ष असते. घरात तीन दिवस ताट तसेच परत येते आणि 'तिला आवडत नसेल' यावर विषय संपतो. हा प्रेमाचा अभाव नव्हे. लक्ष ही सवय आहे; ती जिथे लावली तिथे लागते.

आशा कार्यकर्ती घरी येते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळांसाठी घरोघर जे काम उभे केले, त्यातून ही रीत देशभर गेली. आशा झोळी काढते, बाळाला तीत ठेवते, काटा उचलते. घर श्वास रोखून सुईकडे पाहते. दोनशे ग्रॅम वाढले. सगळे हसतात. बाजेवर बसलेली आईही ओठ हलवते. तिचे काय वाढले, काय घटले, हे त्या काट्यावर दिसत नाही. तिला किती वेळा जेवलीस, रक्तस्राव किती होतो, असे विचारले जाते. ते आवश्यकच आहे. पण त्या प्रश्नांची उत्तरे देताना मान वर करावी लागत नाही.

आईसाठीही काटा आहे. १९८७ साली ब्रिटनमध्ये तिघा संशोधकांनी तो तयार केला. एडिंबरा या नावाने तो ओळखला जातो. त्यात लोखंड नाही, सुई नाही. दहा प्रश्न आहेत, गेल्या सात दिवसांविषयीचे. हसू येते का. उगाच स्वतःला दोष दिला जातो का. धास्ती वाटते का. झोप लागत नाही का. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. तो विचारायला माणसे कचरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात येईल, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. असलेला विचार विचारल्याने वाढत नाही, उघडा पडतो. उघडा पडला की त्याच्याशी झुंजणारी ती एकटी राहत नाही.

रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतिफ रहमान यांनी एक प्रयोग केला. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. गावातल्याच आरोग्यसेविकांना त्यांनी नैराश्यात असलेल्या आईशी बोलायला शिकवले. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून त्या ठरावीक भेटी देत राहिल्या. ऐकायचे, मनातला काळा विचार ओळखायला मदत करायची, घरच्यांना सोबत घ्यायचे, इतकेच काम. सहा महिन्यांनी त्या बायकांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या. जिथे नुसत्या नेहमीच्या भेटी झाल्या, तिथे ५३ टक्के. पुढे गोव्यात हीच पद्धत गावातल्या सामान्य बायकांच्या हाती दिली गेली. त्यांना नाव मिळाले, सखी. ऐकणे हा स्वभावगुण आहे असे मानले जाते. ते कौशल्य आहे, आणि शिकवता येते.

धाराशिवला हे नवे नाही. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन 'भारतवैद्य' केले. पुढे २०१५ साली शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या जिल्ह्यात आणि यवतमाळात बळीराजा चेतना अभियान सुरू झाले. आरोग्य विभागाचा प्रेरणा प्रकल्प आला. मन कसे आहे, हा प्रश्न सरकारी कागदावर आला. तो येण्यासाठी फार माणसे जावी लागली. सातबाऱ्यावर नाव असलेल्याला तो प्रश्न मिळाला. जिचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही, तिलाही तो मिळाला पाहिजे. आणि तो मिळण्यासाठी कुणी जावे लागू नये.

काही वेळा मन फार लवकर आणि फार जोराने बिघडते. हजारात एक-दोन बायकांना पहिल्या काही आठवड्यांत भ्रम होतात. ती दिवसचे दिवस झोपत नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते. घर म्हणते, बाहेरचे आहे. देवऋष्याकडे नेले जाते, लिंबू उतरवले जाते आणि मोलाचे दिवस निघून जातात. ही वेळ त्याच दिवशी रुग्णालय गाठण्याची असते. उपचाराने अशा बायका बऱ्या होतात. देवावर श्रद्धा ठेवायला उशीर कधीच होत नाही. डॉक्टरकडे जायला होतो.

औषध घेतले तर दूध तोडावे लागेल, ही भीती मोठी आहे. पुष्कळदा ती खरी नसते. अंगावर पाजत असतानाही देता येतात अशी नैराश्यावरची औषधे आहेत. कोणते आणि किती, ते डॉक्टर ठरवतो. थायरॉइड आणि रक्त तपासावे लागते, कारण तिथली कमतरताही उदासीचे रूप घेऊन येते. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा दिवसरात्र फोन उचलते. दुसरी भीती, लेकराला आईपासून तोडतील ही. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचे मूल शक्यतो वेगळे करू नये. कायद्याला हे सुचले, ही मोठी गोष्ट आहे. घरालाही सुचावे.

बाप रविवारी येतो. फळे आणतो, बाळाला हातात घेतो, बाहेरच्या खोलीत बसतो. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाचे काय काम, असे त्याला लहानपणापासून सांगितलेले असते. त्यालाही विचारता येत नाही. त्याला प्रश्न शिकवलेलाच नसतो. पण रात्रीचे एक रडणे त्याने उचलले, तरी बाजेवरच्या बाईला दोन तासांची सलग झोप मिळते. मोठे त्याग फार थोड्यांना करावे लागतात. बहुतेकांच्या वाट्याला दोन तासच येतात.

सव्वा महिन्यानंतर बाज उचलतात. बेचाळिसाव्या दिवसानंतर आशाच्या वहीतले बाळंतिणीचे पान भरते. तिसऱ्या महिन्यात ओटी भरून लेकीला सासरी पाठवतात. आजाराचे पंचांग निराळे आहे. गोव्यातल्या त्या मातांपैकी निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. घराची काळजी जिथे संपते, तिथून तिचा सगळ्यात लांब पल्ला सुरू होतो. काळजीला शेवटची तारीख घालणे ही माणसाची सोय आहे. दुःख ती पाळत नाही.

काही घरांत हा प्रश्न वेळेवर विचारला गेला. काही घरांत उशिरा. उशीर झालेल्या एका घरातल्या माणसाचा हात 'सुखरूप' हा शब्द लिहिताना अजून थांबतो.

आता बाळ पाहायला व्हिडिओ कॉल येतात. पलीकडून मागणी असते, बाळ दाखव. फोन वळतो. जावळ दिसते, मूठ दिसते, जांभई दिसते. पलीकडे कौतुक होते. फोन ज्या हातात आहे तो हात कुणाला दिसत नाही. बाळाच्या प्रत्येक चित्राच्या मागे, चौकटीबाहेर, आई असते.

अशाच एका कॉलवर पलीकडची म्हातारी नातवाला पोटभर बघून झाल्यावर थांबली. मग म्हणाली, लेकराला बघितलं. आता तुजं तोंड दाव की, माय.

फोन वळायला थोडा वेळ लागला.